प्राइम ९५ : घरच्या संगणकावर कोट्यवधी अंकी मूळ संख्यांची तपासणी

जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या ज्या प्रकल्पातून सापडत आल्या आहेत, त्या ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ म्हणजे ‘गिम्प्स’ या प्रकल्पाचे ‘प्राइम ९५’ हे सॉफ्टवेअर मी रत्नागिरीतील घरच्या संगणकावर बराच काळ चालवत आलो आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि हे सॉफ्टवेअरही त्यांचेच आहे. ते विनामूल्य मिळते, विंडोज व मॅक या दोन्ही प्रणालींवर चालते आणि लिनक्ससाठी त्याचे ‘एमप्राइम’ हे भावंड आहे. गणिताची ओढ असलेल्या आणि समुद्रकिनाऱ्याजवळ राहणाऱ्या वाचकाने ते आपल्या संगणकावर घ्यावे का, हा या परीक्षणाचा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘घ्यावे’ असे आहे. मात्र नवी मूळ संख्या आपल्याच घरी सापडेल या आशेने नव्हे. हे सॉफ्टवेअर ‘ही संख्या मूळ नाही’ असे जेव्हा सांगते, तेव्हा त्या नकारावर पूर्ण विश्वास ठेवता येतो, आणि आपल्याकडील उष्मा, दमट हवा व वारंवार जाणारी वीज यांतही तो विश्वास ढळत नाही. हा त्याचा खरा गुण आहे आणि त्यामागचे गणित फार सुंदर आहे.

प्रथम ज्या संख्यांची तपासणी होते त्यांच्याविषयी. २ चा कोणताही घात घेऊन त्यातून १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. अशी संख्या मूळ असायची तर घातांकही मूळच असावा लागतो, परंतु घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ असतेच असे नाही. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७ ही मूळ आहे, तर २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७ ही २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते याची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत ६७ आणि २५७ हे घातांक चुकीने आले होते आणि ६१, ८९ व १०७ हे सुटले होते. ही सगळी दुरुस्ती पूर्ण होण्यास जवळपास तीन शतके लागली.

आज ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही आहे. ल्यूक ड्युरँट यांनी चालवलेल्या तपासणीतून १२ ऑक्टोबर २०२४ रोजी तिच्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ज्ञात मर्सेन मूळ संख्यांमध्ये ती ५२ वी ठरली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एवढ्या अवाढव्य संख्येविषयी घरी बसून काही सांगता येईल का, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मला उत्तर देताना विशेष आनंद होतो, कारण तिचे दोन्ही टोकांचे अंक कागद-पेन्सिल आणि लॉगॅरिदम यांच्या बळावर मिळवता येतात. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरत राहतात. आपल्या घातांकाला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून तो घात २ ने संपतो आणि त्यातून १ गेल्यावर आपली संख्या १ ने संपते. हेच काम शेवटच्या तीन अंकांसाठी थोड्या अधिक चिकाटीने केले, तर ५५१ हे उत्तर येते. सुरुवातीच्या अंकांसाठी घातांकाला २ च्या लॉगॅरिदमने, पुरेशी दशांश स्थळे घेऊन, गुणावे. गुणाकार ४,१०,२४,३१९.९४५३ असा येतो. त्यातील पूर्णांकात १ मिळवला की अंकांची संख्या मिळते आणि अपूर्णांकावरून संख्या ८८१ ने सुरू होते हे कळते. केवळ ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत तर ती आणखी सोपी आहे, कारण तिथे ती म्हणजे एकापुढे एक लिहिलेले १३,६२,७९,८४१ एक, दुसरे काहीच नाही.

हा शेवटचा गुणधर्मच मर्सेन संख्यांच्या तपासणीला शक्य कोटीत आणतो. कोणत्याही मोठ्या संख्येने भागून बाकी काढणे हे संगणकालाही खर्चिक काम आहे, परंतु २ च्या घातातून १ वजा करून मिळालेल्या संख्येने भागायचे असेल, तर प्रत्यक्ष भागाकार करावाच लागत नाही. लांबलचक द्विमान संख्या घातांकाएवढ्या लांबीवर कापायची आणि वरचा तुकडा खालच्या तुकड्यात मिळवायचा की बाकी तयार होते. उरतो तो केवळ वर्ग करण्याचा खर्च. तो वेगवान फूरिये रूपांतराने, म्हणजे अवाढव्य गुणाकार झटपट करण्याच्या एका पद्धतीने, कमी केला जातो आणि वोल्टमन यांनी या भागाची संगणकसंहिता प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, वर्षानुवर्षे घासूनपुसून लिहिली आहे. या सॉफ्टवेअरचा वेग तिथून येतो.

काम कसे चालते ते आता पाहू. आपला संगणक ‘प्राइमनेट’ या मध्यवर्ती सर्व्हरकडून एक घातांक मागून घेतो. त्या घातांकाच्या संख्येला एखादा लहान विभाजक आहे का, हे पाहण्याचे काम बहुधा आधीच कोणीतरी केलेले असते. या पायरीवर मर्सेन संख्यांचा एक जुना गुणधर्म कामी येतो. घातांकाला ‘घ’ म्हटले आणि तो २ पेक्षा मोठा मूळ अंक असला, तर संख्येचा प्रत्येक विभाजक ‘२ × क × घ + १’ या रूपाचाच असतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ हीच उरते. याची ताकद पाहायची असेल तर १३ हा घातांक घ्यावा. संख्या ८१९१ आहे, तिचे वर्गमूळ ९० च्या किंचित पुढे आहे, आणि तोवर वरील रूपाच्या संख्या २७, ५३ व ७९ या तीनच आहेत. २७ मूळ नाही, ५३ ला ८ ने भागल्यास बाकी ५ उरते, म्हणून तीही बाद. राहिली ७९, तिने ८१९१ ला भागून पाहिले तर बाकी ५४ उरते. एका भागाकारात ८१९१ मूळ असल्याचे सिद्ध झाले. नववी-दहावीच्या मुलांपुढे फळ्यावर हे करून दाखवावे. वर्ग एकदम जागा होतो.

त्यानंतरची पायरी ‘पी वजा एक’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे मर्म मला फ्रँक नेल्सन कोल यांच्या प्रसिद्ध उदाहरणातून उलगडले. २ चा सदुसष्टावा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले होते, पण तिचे अवयव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे दोन अवयव मांडले. त्यांनी फळ्यावर एकही शब्द न उच्चारता गुणाकार केला, असे सांगितले जाते. आता यातील लहान अवयवातून १ वजा करून पाहावा. उरलेली संख्या २ चा घन, ३ चा घन, ५, ६७ आणि २६७७ यांचा गुणाकार आहे. ६७ हा तर घातांकच. त्याला वगळले तर सर्वांत मोठा मूळ अवयव अवघा २६७७ आहे. विभाजकातून १ वजा केल्यावर सगळे अवयव असे लहान निघत असतील, तर ‘पी वजा एक’ पद्धत तो विभाजक क्षणार्धात पकडते, मग तो विभाजक स्वतः कितीही मोठा असो. कोल यांचे काही वर्षांचे श्रम ज्यात गेले, ते काम या पायरीवर डोळ्याचे पाते लवेपर्यंत होते. विभाजक सापडला नाही तरच मुख्य तपासणी हाती घेतली जाते. ‘पी वजा एक’च्या पायरीला रॅम जितकी जास्त द्याल तितकी ती परिणामकारक होते, आणि सॉफ्टवेअरमध्ये दिवसा किती रॅम वापरावी व रात्री किती, हे वेगवेगळे ठरवण्याची सोय आहे. घरातील मुलांचा अभ्यास आणि हे काम एकाच संगणकावर चालवणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते.

मुख्य तपासणीचा इतिहास ल्युका यांच्यापासून सुरू होतो. १८७६ मध्येच त्यांनी २ चा एकशे सत्ताविसावा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे हाताने आकडेमोड करून सिद्ध केले. (दापोली तालुक्यातील मुर्डी येथे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला तेही हेच वर्ष.) ल्युका यांच्या पद्धतीला डेरिक हेन्री लेहमर यांनी १९३० च्या दशकात आजचे नेटके रूप दिले. ४ पासून सुरुवात करावी. दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य आले तर संख्या मूळ, अन्यथा नाही. १२७ साठी घातांक ७ आहे, म्हणून पाच पायऱ्या: ४ पासून १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी ०. घातांक ११ साठी हीच कृती केली तर नवव्या पायरीला १७३६ उरतात, म्हणून २०४७ मूळ नाही, आणि हे सांगण्यासाठी २३ किंवा ८९ यांपैकी कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. अवयव न सांगता संख्या संयुक्त आहे हे निःसंशय सांगता येते, ही गोष्ट अंकगणितातील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे असे मला वाटते.

प्राइम ९५ मात्र नव्या घातांकाची पहिली तपासणी आता या पद्धतीने करत नाही. ते फर्माच्या प्रमेयावर आधारलेली तपासणी पाया ३ घेऊन करते (संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या पायाचा, त्या संख्येपेक्षा एकने कमी इतकावा घात घेऊन तिने भागल्यास बाकी १ उरते, असे हे प्रमेय सांगते). पाया २ घेऊन चालत नाही, कारण मूळ घातांक असलेली प्रत्येक मर्सेन संख्या, संयुक्त असली तरी, पाया २ च्या तपासणीतून पार होते. २०४७ सुद्धा होते. पाया ३ ची तपासणी उत्तीर्ण झालेली संख्या ‘बहुधा मूळ’ समजली जाते आणि मग ल्युका–लेहमर कसोटीने तिच्यावर अखेरचा निकाल दिला जातो. २०२४ च्या शोधातही हाच क्रम होता: पहिली तपासणी डब्लिनमधील एका ग्राफिक्स प्रोसेसरवर आणि दुसऱ्या दिवशीची ल्युका–लेहमर कसोटी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील प्रोसेसरवर झाली.

हा बदल का केला गेला, याचे उत्तर आम्हा कोकणातील वापरकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. घातांक १२–१३ कोटींच्या घरात असला की तेवढेच वर्ग एकामागून एक करावे लागतात आणि त्यांपैकी प्रत्येक वर्ग सुमारे चार कोटी अंकी संख्येचा असतो. साध्या घरगुती संगणकाला एका संख्येसाठी काही दिवसांपासून कित्येक आठवडे लागू शकतात. एवढ्या काळात रॅममधील एकच बिट एकदाच उलटा झाला, तरी पुढची सर्व आकडेमोड निरर्थक होते आणि शेवटच्या उत्तराकडे पाहून ते कळतही नाही. एप्रिल–मे महिन्यांत दुपारी खोलीतच हवा तापलेली असते, खारे वारे हीटसिंकवर आणि जोडण्यांवर आपला थर साठवत असतात, व्होल्टेज खाली-वर होत असते. अशा स्थितीत संगणकाकडून बिनचूकपणाची अपेक्षा ठेवणेच धाडसाचे आहे.

इथे रॉबर्ट गेर्बिक्झ यांनी शोधलेली चूकतपासणी उपयोगी पडते. पाया ३ च्या तपासणीत केवळ वर्गावर वर्ग करत जायचे असतात. ठरावीक पायऱ्यांवर आलेल्या मधल्या उत्तरांचा एक गुणाकार सॉफ्टवेअर बाजूला सांभाळते. तोच गुणाकार दुसऱ्या मार्गानेही मिळवता येतो, कारण आधीच्या टप्प्यावरील गुणाकाराचे तेवढ्याच पायऱ्यांइतके वर्ग करून त्याला सुरुवातीच्या संख्येने गुणले की नवा गुणाकार हाती यायला हवा. दोन्ही मार्गांची उत्तरे जुळली, तर मधल्या लक्षावधी पायऱ्या बरोबर आहेत असे जवळजवळ पूर्ण खात्रीने म्हणता येते. ती जुळली नाहीत, तर सॉफ्टवेअर शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर मागे जाते आणि तेथून पुन्हा काम सुरू करते. ल्युका–लेहमर कसोटीत दर पायरीला २ वजा करावे लागतात, त्यामुळे गुणाकाराची ही घडण मोडते आणि ही तपासणी तिथे लावता येत नाही. एवढ्याशा ‘वजा दोन’मुळे शतकाहून अधिक जुन्या कसोटीला दुसऱ्या पायरीवर जावे लागले, आणि हे कारण समजले तेव्हा मला या सॉफ्टवेअरविषयी वाटणारा आदर दुणावला. उन्हाळ्यात माझ्या संगणकावर ही चूकतपासणी क्वचित अपयशी ठरल्याची नोंद खिडकीत दिसते, काम थोडे मागे जाते आणि पुढे सरळ चालू लागते. दोष माझ्या तापलेल्या रॅमचा असतो आणि निकालापर्यंत तो पोहोचत नाही.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. जून ते सप्टेंबर या काळात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो. सॉफ्टवेअर दर अर्ध्या तासाने आपली स्थिती डिस्कवर जतन करते, हा मध्यंतर कमी-जास्त करता येतो आणि आधीच्या जतन प्रतीही राखल्या जातात, त्यामुळे एखादी प्रत लिहिली जात असतानाच वीज गेली तरी मागची प्रत हाताशी असते. विंडोज सुरू होताच आपोआप कामाला लागण्याची सोय आहे. मी हा मध्यंतर दहा मिनिटांवर आणून ठेवला आहे आणि माझ्या मते कोकणात प्रत्येकाने तसेच करावे. इन्व्हर्टरवर हे काम चालू ठेवणे मात्र योग्य नाही, कारण पूर्ण ताकदीने चालणारा प्रोसेसर घरातील दिव्या-पंख्यांच्या वाट्याची बॅटरी पाहता पाहता संपवतो. वीज गेली की काम थांबू द्यावे. मेघगर्जना सुरू झाल्यावर संगणकाचे आणि इंटरनेटच्या राउटरचे प्लग काढून ठेवणे हे तर आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे.

इंटरनेटच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. २०२० पासून प्रत्येक तपासणीसोबत तिचा पुरावाही तयार होतो. पूर्वी एका संगणकाचा निकाल पडताळण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकाने संपूर्ण तपासणी पुन्हा करावी लागे, म्हणजे श्रम दुप्पट होत. आता काही निवडक मधली उत्तरे पाठवली की त्यांच्यावरून मूळ कामाच्या सुमारे अडीचशेव्या भागाएवढ्या श्रमात निकालाची सत्यता तपासता येते. क्रिझ्टॉफ पिएत्र्झाक यांच्या संशोधनातून आलेली ही कल्पना संपूर्ण प्रकल्पाचा वेग वाढवणारी ठरली. वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले तर १२ कोटींच्या आसपासच्या घातांकाचे एक मधले उत्तर १५ एमबीचे होते आणि अशी नऊ उत्तरे पाठवायची झाल्यास पुराव्याची फाइल १३५ एमबीच्या घरात जाते. शिवाय काम चालू असताना डिस्कवर काही जीबी जागा तात्पुरती लागते. रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडी शहरात फायबरची जोडणी असलेल्याला याचे काहीच वाटणार नाही. डोंगराआडच्या वाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असणाऱ्याने मात्र फाइल पाठवण्याची वेळ रात्रीची ठेवावी. सॉफ्टवेअरमध्ये ती ठरवता येते.

खर्चाचा हिशेबही मांडला पाहिजे. सॉफ्टवेअर फुकट असले तरी वीज फुकट नाही. या कामामुळे संगणक शंभर वॅट जास्त घेत असेल आणि तो अखंड चालू असेल, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट वाढतात. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढत असल्याने ही वाढ बहुतेक घरांत वरच्या दराने मोजली जाते. म्हणून मी ते पावसाळ्यात आणि थंडीत चालवतो व एप्रिल–मेमध्ये केवळ रात्री काही तास. लॅपटॉपवर हे काम दीर्घकाळ चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉपची थंड राहण्याची व्यवस्था अशा अखंड भाराला पुरत नाही, आणि किनाऱ्यावरील दमट हवेत तर नाहीच.

नवी मूळ संख्या सापडण्याची शक्यता किती, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. सॅम्युएल वॅगस्टाफ यांच्या अंदाजानुसार घातांकाची कोणतीही मर्यादा दुप्पट केली की मधल्या पट्ट्यात सरासरी सुमारे १.७८ मर्सेन मूळ संख्या अपेक्षित असतात. हा अंदाज आहे, सिद्ध झालेले प्रमेय नव्हे. १० कोटी ते २० कोटी या पट्ट्यात ५३ लाखांहून अधिक मूळ घातांक आहेत आणि त्यांतून दोनसुद्धा मूळ संख्या मिळण्याची अपेक्षा नाही. लहान विभाजक सापडलेले घातांक वगळले तरी आपल्या वाट्याला आलेली एक संख्या मूळ निघण्याची शक्यता अत्यल्पच राहते. शिवाय २०१८ मधील २,४८,६२,०४८ अंकी संख्या साध्या डेस्कटॉप संगणकावर सापडली होती, पण २०२४ ची संख्या अनेक देशांतील डेटा सेंटरमधून भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर, प्राइम ९५ ऐवजी दुसऱ्या सॉफ्टवेअरने सापडली. घरगुती प्रोसेसर या शर्यतीत मागे पडला आहे, हे मान्य केले पाहिजे. गिम्प्सचे ३,००० डॉलरचे पारितोषिक आणि दहा कोटी अंकी पहिल्या मूळ संख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ठेवलेले १,५०,००० डॉलरचे पारितोषिक यांच्याकडे पाहून कोणी विजेचे बिल वाढवू नये. दहा कोटी अंकांसाठी घातांक सुमारे ३३ कोटी २२ लाखांच्या पुढचा घ्यावा लागतो आणि त्या एका तपासणीला आजच्या नेहमीच्या तपासणीच्या कित्येक पट वेळ जातो. अशा संख्यांचा बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी उपयोग होतो, हाही समज खरा नाही. तिथे तीनशेएक अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात.

मग या संख्या कशासाठी शोधायच्या, असे विचारणाऱ्यांना मी डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेल्या आणि देवळालीत शिक्षकी करत आयुष्यभर संख्यांशी खेळलेल्या द. रा. कापरेकर यांच्याकडे नेतो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५ येतात. २९७ चा वर्ग ८८,२०९. ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दुसरीकडे, युक्लिडने दाखवल्याप्रमाणे प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते, जिच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच असते: ६, २८, ४९६, ८१२८. सम परिपूर्ण संख्या केवळ अशाच असतात हे ऑयलरने सिद्ध केले. आता या दोन गोष्टी एकत्र येतात. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या असते. २८ चा वर्ग ७८४ द्विमान पद्धतीत ११०००१०००० असा लिहिला जातो. शेवटचे सहा अंक म्हणजे १६, उरलेले चार अंक म्हणजे १२, आणि १२ व १६ मिळून २८. इथे सहा अंक घेतले कारण घातांक ३ आहे आणि त्याची दुप्पट सहा. इतर परिपूर्ण संख्यांसाठीही शेवटून घातांकाच्या दुप्पट अंक कापायचे. सिद्धता दहावीच्या बीजगणिताने होते आणि ती वाचकाने स्वतः करून पाहावी. याचा अर्थ असा की २०२४ मध्ये सापडलेल्या मूळ संख्येबरोबर ८,२०,४८,६४० अंकी परिपूर्ण संख्याही मिळाली आणि डहाणूच्या गणितज्ञाच्या नावाची तेवढीच मोठी संख्याही मिळाली. हा संबंध मला समजला त्या दिवसापासून संगणकाच्या पंख्याचा आवाज मला त्रासदायक वाटेनासा झाला आहे.

उणिवा सांगतो. खिडकीत येणारा मजकूर इंग्रजीत आणि अतिशय त्रोटक असतो. पायरी क्रमांक, टक्केवारी, उरलेला वेळ आणि शेवटी सोळा चिन्हांचा एक अवशेष (उरलेल्या बाकीचा शेवटचा भाग), यापलीकडे काही नाही. आपण कोणते गणित करत आहोत हे सॉफ्टवेअर कुठेही समजावत नाही. मेनूंची मांडणी जुनी आहे आणि काही महत्त्वाच्या गोष्टी मजकूर फाइल उघडून हाताने लिहाव्या लागतात, जे नवख्याला जड जाते. पहिल्यांदा सुरू करताना प्रकल्पात सामील व्हायचे की केवळ संगणकाची ताण-तपासणी करायची, असा प्रश्न विचारला जातो. ही ताण-तपासणी संगणक दुरुस्त करणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांमधील एक दोषही याच सॉफ्टवेअरच्या आकडेमोडीतून उजेडात आला होता. ज्यांना संख्यांशी खेळून पाहायचे आहे, म्हणजे स्वतः घातांक घालून विभाजक शोधणे, बाक्या काढणे, वरील उदाहरणे पडताळणे, त्यांच्यासाठी प्राइम ९५ हे साधन नव्हेच. त्यांनी बोर्दोच्या विद्यापीठातून आलेले ‘पारी जीपी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. त्याची आवृत्ती अँड्रॉइड फोनवरही चालते. शाळेतील शिक्षकांना मी आधी तेच सुचवतो.

ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे, खोलीत वारा खेळता आहे आणि महिन्याकाठी वाढणारे बिल परवडते, त्यांनी प्राइम ९५ अवश्य चालवावे. सुरुवातीला नव्या घातांकाची पहिली तपासणी मागू नये. आधी ताण-तपासणी एक रात्र चालू ठेवून रॅम निर्दोष असल्याची खात्री करावी, मग लहान घातांकांची फेरतपासणी किंवा ‘पी वजा एक’चे काम घ्यावे, त्यात विभाजक सापडण्याची शक्यता बरी असते, आणि सापडलेला विभाजक कायमचा नोंदीत राहतो व कोणालाही एका भागाकाराने पडताळता येतो. हे सर्व पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर सुरू करणे सोयीचे, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने किनारपट्टीवर संगणकाला सर्वांत मानवतात.